सामाईक तारेवरचें स्वतंत्र डोमेन

इ. स. १९४८ पूर्वीं नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या राज्यांत मोडत. त्या राज्यांत टपालखातीं दोन होतीं. राज्याच्या हद्दींत जाणाऱ्या पत्रावर निजामाचें तिकीट लावून तें निजामाच्या डाकघरांत टाकावें लागे. पुण्यास, सोलापुरास किंवा मुंबईस पत्र धाडावयाचें असल्यास त्यावर इंग्रज सरकारचें तिकीट लावून तें इंग्रजी डाकघरांत द्यावें लागे. रस्ता तोच, आगगाडी तीच, कित्येक मोठ्या गांवीं पेठही तीच. परंतु कोणत्या पत्त्याचा शोध कोणीं घ्यावयाचा, याचा अधिकार मात्र दोघांचा वेगवेगळा होता. नाण्यांचीही तीच तऱ्हा. राज्यांत हाली शिक्का चाले, बाहेर कलदार. आणि सुमारें सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मोंढ्यांतील मुनिमाच्या जिभेवर असे. बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ १९११ सालीं लातुरापर्यंत आले. त्या रुळांवरून लातूरचा माल बार्शीकडे निघाला, कीं वाटेंत निजामी मुलूख संपून इंग्रजी मुलूख लागे, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या व राज्यांत येणाऱ्या मालावर करोडगिरी खात्याची जकात द्यावी लागे. रूळ सलग होते. अंमल सलग नव्हता.

ती व्यवस्था पुढें मोडली, आणि मोडली हें बरेंच झालें. तरी तिची आठवण येथें काढण्याचें कारण असें कीं, तेव्हां राज्याराज्यांत पडलेला प्रश्न आज एका मजल्यावरच्या दोन कार्यालयांत पडूं लागला आहे. तार एक, आणि तिच्यावर अंमल दोघांचा, हें कसें साधावें? संगणकाच्या भाषेंत बोलावयाचें, तर सामाईक जाळ्यावर स्वतंत्र सर्व्हर बसवून त्याचें स्वतंत्र डोमेन कसें उभारावें?

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. नांदेडच्या वजिराबाद भागांतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक सहकारी पतसंस्था आहे, असें समजावें. भिंतीला भिंत लागून एक शिकवणीचा वर्ग आहे. इंटरनेटची जोडणी दोघांनीं मिळून घेतली, बिल अर्धें-अर्धें. राउटर एकच, तो वर्गाच्या खोलींत. तेथून निघालेल्या तारा एका स्विचमध्यें येतात व त्या स्विचमधून दोन्ही कार्यालयांच्या टेबलांवर जातात. मोठा प्रिंटरही सामाईक, तो मधल्या बोळांत. पतसंस्थेचे बारा संगणक. शिवाय तिची एक शाखा लातुरास, गंजगोलाईच्या बाजारपेठेंत. व्यवस्थेंत वावगें असें कांहीं नाहीं. शेजाऱ्याशीं वांटून घेतल्यानें खर्च निम्मा होतो, आणि पहिलीं दोन-चार वर्षें कोणास कांहीं खुपत नाहीं.

खुपूं लागतें तें पुढें. पतसंस्थेच्या बारा संगणकांपैकीं एकावर एक फोल्डर सर्वांसाठीं उघडा ठेवलेला असतो. त्यांत सभासदांचीं नांवें, आधार क्रमांक, ठेवी, कर्जें, जामीनदारांच्या सह्यांचीं चित्रें, सारें कांहीं असतें. पासवर्ड काय तो एक, आणि तोही रोखपालाच्या टेबलावरील काचेखालीं चिठ्ठीवर लिहिलेला. पलीकडच्या वर्गांत रोज नवे विद्यार्थी येतात. एखादा आपला लॅपटॉप तारेला जोडतो, आणि त्या लॅपटॉपला तो फोल्डर दिसूं लागतो. मुलगा वाईट असावयास नको. त्याच्या यंत्रांत शिरलेला उपद्रवी प्रोग्राम पुरेसा आहे. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या अशा प्रोग्रामनें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक नाडले. विंडोजच्या फायली वांटून घेण्याच्या सोयींतील एका भगदाडांतून तो शेजारच्या यंत्रांत आपोआप घुसे. कोणीं कोठें बोट दाबावयाची गरज नव्हती. त्या भगदाडास लावण्याचें ठिगळ दोन महिने आधीं, मार्चमध्येंच, मायक्रोसॉफ्टनें दिलें होतें. पण ज्या कार्यालयांत बारा यंत्रांची निगा बारा जण आपापल्या लहरीप्रमाणें राखतात, तेथें ठिगळ कोणीं लावावयाचें? ज्याच्या घामाचे चाळीस हजार रुपये त्या खातेवहींत नोंदले आहेत, त्या हदगांव किंवा औसा तालुक्यांतील सभासदास यांतलें कांहीं ठाऊक नसतें. त्याची भिस्त कार्यालयावर.

आतां ‘डोमेन’ म्हणजे काय तें पाहूं. मराठींत त्यास ‘अधिकारक्षेत्र’ म्हणतां येईल; परंतु दुकानदारापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं ‘डोमेन’च बसला आहे, तेव्हां भांडत बसण्यांत अर्थ नाहीं. या शब्दाचे अर्थ मात्र दोन आहेत व त्यांची गल्लत पुष्कळांकडून होते. पहिला अर्थ इंटरनेटवरील नांव. अंकांचे पत्ते माणसांस लक्षांत राहत नाहींत म्हणून पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९८३ सालीं नांवांची जी वंशावळीसारखी पद्धति मांडली, तीच आज सर्व जगांत चालते. भारताची त्या वंशावळींतील शाखा ‘डॉट इन’; २०१४ पासून देवनागरींत ‘डॉट भारत’ही मिळूं लागलें. दुसरा अर्थ कार्यालयापुरता: ज्या यंत्रांची, माणसांची आणि पासवर्डांची नोंद एकाच सर्व्हरकडे आहे, तेवढा समुदाय म्हणजे एक डोमेन. हा सर्व्हर म्हणजे मुख्याध्यापकाच्या टेबलावरील हजेरीपट होय. कोण शाळेंतला, कोण बाहेरचा, कोणास प्रयोगशाळेची किल्ली द्यावयाची आणि कोणास नाहीं, तें एकाच ठिकाणीं लिहिलेलें.

हा हजेरीपट नसला तर काय होतें, त्याचा हिशेब सोपा आहे. बारा यंत्रें आणि बारा कर्मचारी. प्रत्येकास प्रत्येक यंत्रावर बसतां यावयाचें तर १४४ नोंदी ठेवाव्या लागतात. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला कीं बारा ठिकाणीं जाऊन त्याचें नांव खोडावें लागतें. अर्थात् तें कोणी करीत नाहीं. डोमेन असल्यास नोंदी बारा, आणि खोडणें एकदांच. मायक्रोसॉफ्टनें ही कल्पना १९९३ सालच्या विंडोज एनटींत आणली आणि फेब्रुवारी २००० मध्यें निघालेल्या विंडोज २००० सर्व्हरबरोबर तिला ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ हें आजचें रूप दिलें. ज्यांस त्या सर्व्हरची किंमत परवडत नाहीं त्यांच्यासाठीं ‘सांबा’ आहे. ऑस्ट्रेलियांत अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ च्या सुमारास त्यास आरंभ केला, आणि डिसेंबर २०१२ मध्यें आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून तें विनामूल्य अशा डोमेनाचा कारभार पाहूं शकतें. मात्र तें चालविण्यास लिनक्सचा माहितगार हाताशीं हवा. तो नसतांना केवळ फुकट म्हणून सांबा घेणें म्हणजे गडी नसतांना बैलजोडी घेणें होय. आणखी एक लहानशी गोष्ट, जी विकत घेण्यापूर्वीं कोणी सांगत नाहीं: बाजारांतले स्वस्त लॅपटॉप विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीसह येतात, आणि ती आवृत्ति डोमेनांत दाखल होऊंच शकत नाहीं. बारांपैकीं आठ यंत्रें तशीं निघालीं, तर अंदाजपत्रक तेथेंच कोलमडतें.

सर्व्हर आला. त्याचें बारसें करावयाचें. येथें घाई फार नडते, कारण डोमेनाचें नांव मागाहून बदलणें हें घराचा पाया मागाहून हलविण्याइतकें अवघड काम आहे. उत्तम मार्ग असा कीं, संस्थेनें इंटरनेटवर स्वतःच्या मालकीचें जें नांव नोंदविलें असेल, त्याच्याच पोटीं एक लहान नांव घ्यावें. संस्थेचें नांव ‘अमुकसंस्था डॉट इन’ असेल, तर आंतल्या डोमेनास ‘कार्यालय डॉट अमुकसंस्था डॉट इन’ म्हणावें. अर्थात् हीं अक्षरें रोमन लिपींत आणि होतील तितकीं आखूड ठेवावीं. ‘डॉट लोकल’ हें शेपूट जोडण्याची चाल पूर्वीं फार होती. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमानें तें शेपूट प्रिंटरसारख्या यंत्रांनीं एकमेकांस हांका मारण्यासाठीं राखून ठेवलें आहे, तेव्हां तें टाळावें. जुलै २०२४ मध्यें नांवांच्या जागतिक व्यवस्थापक मंडळानें, आयकॅननें, ‘डॉट इंटर्नल’ हें शेपूट खासगी जाळ्यांसाठीं कायमचें मोकळें ठेवण्याचें ठरविलें. ज्यांच्या मालकीचें नांव नाहीं त्यांस तें चालेल. न चालणारी गोष्ट एकच: दुसऱ्या कोणाच्या मालकीचें नांव आपल्या घरांत वापरणें.

नांवामागून येतो नांवांचा शोध, आणि येथेंच त्या दोन डाकघरांची गोष्ट कामास येते. कर्मचाऱ्यानें सकाळीं यंत्र सुरू केलें कीं तें यंत्र प्रथम विचारतें, ‘या डोमेनाचा सर्व्हर कोठें आहे?’ हा प्रश्न ज्यास विचारावयाचा तो नांवांचा कारकून, म्हणजे डीएनएस. नवीन डोमेनाचा सर्व्हर आपला कारकून स्वतः असतो. घरांतलीं नांवें तोच जाणतो, आणि घराबाहेरचें नांव विचारलें गेलें तर तो बाहेरच्या मोठ्या कारकुनाकडे प्रश्न पोंचवून उत्तर आणून देतो. अंतर्गत पत्र निजामाच्या डाकघरांत, बाहेरचें पत्र पुढच्या डाकघराच्या हवालीं. व्यवस्था अशी चोख असतांना बहुतेक नवशिके एक चूक करतात: सावधगिरी म्हणून यंत्राच्या नोंदींत पहिला कारकून आपला सर्व्हर, आणि दुसरा इंटरनेटवरचा कोणी प्रसिद्ध, असे दोन पत्ते लिहितात. त्यांस वाटतें, पहिला आजारी पडला तर दुसरा काम करील. घडतें तें उलटें. पहिल्यानें उत्तर देण्यास क्षणभर उशीर केला, कीं यंत्र दुसऱ्याकडे वळतें व बराच वेळ त्याच्याच दारीं राहतें. त्या बाहेरच्या कारकुनास ‘कार्यालय’ नांवाचा पत्ता ठाऊकच नसतो. तो प्रामाणिकपणें ‘असें नांव अस्तित्वांत नाहीं’ असें सांगतो, आणि रोखपालबाईंस आपल्याच संगणकावर प्रवेश मिळत नाहीं. मग ‘सर्व्हर बिघडला’ अशी ओरड होते. सर्व्हर धड असतो. पत्र भलत्याच डाकघरांत पडलेलें असतें. यास्तव डोमेनांतील प्रत्येक यंत्रास केवळ डोमेनाचाच कारकून सांगावा, आणि जोड हवाच असेल तर दुसरा सर्व्हरही त्याच डोमेनाचा बसवावा.

यापुढचा तंटा अधिक गंमतीचा, पण भोंवतो अधिक. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो. कार्यालयांच्या आंतल्या वापरासाठीं तीन पट्टे १९९६ सालच्या एका ठरावानें राखून ठेवलेले आहेत, १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते त्यांतलेच. हे पत्ते वांटण्याचें काम डीएचसीपी नांवाची सेवा करते, आणि आपल्या उदाहरणांत ती वर्गाच्या खोलींतल्या राउटरमध्यें आधींपासून चालू आहे. आतां पतसंस्थेच्या उत्साही तरुणानें नव्या सर्व्हरवर दुसरी वांटणी सुरू केली, तर काय होईल? नव्यानें सुरू झालेलें यंत्र सर्व जाळ्यावर मोठ्यानें हांक मारतें: ‘मला कोणी पत्ता द्या.’ ही हांक दोघेही ऐकतात, आणि बहुधा जो आधीं ओरडतो त्याचा पत्ता तें यंत्र घेतें. म्हणजे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपांस पतसंस्थेचे पत्ते, आणि पतसंस्थेच्या यंत्रांस वर्गाचे. सकाळीं दहा वाजतां दोन्ही दारांत माणसें उभीं राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यानें आपलें इंटरनेट बंद पाडलें असें म्हणतो. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. एका मांडवांत दोन भटजींनीं वेगवेगळे मुहूर्त सांगावे, तसा हा प्रकार.

येथें या विषयाचें मर्म येतें, आणि तें नीट न कळल्यामुळेंच बहुतेक फसगत होते. डोमेन हा अधिकार आहे. ती भिंत नव्हे. एकाच तारेवर दोन, तीन किंवा पांच डोमेनें एकमेकांस धक्का न लावतां नांदूं शकतात, कारण त्यांचीं नांवें निराळीं व हजेरीपट निराळे. परंतु म्हणून त्या तारेवरून जाणारा मजकूर वेगळा होत नाहीं, पत्त्यांची हांक थांबत नाहीं, कीं वॉनाक्रायसारखा पाहुणा अडत नाहीं. हजेरीपट केला म्हणजे कुंपण घातलें असें होत नाहीं. सर्व्हर विकणारा दुकानदार ‘आतां सारें सुरक्षित झालें’ असें सांगूं लागला, तर त्याच्या पाठीमागच्या तारेकडे बोट दाखवावें.

भिंत घालण्यासाठीं नवी तार ओढावीच लागते असें मात्र नाहीं. नांदेडहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडींत बसून लातुरास उतरणाऱ्या प्रवाशाचें उदाहरण घ्यावें. नांदेड विभाग हा दक्षिण मध्य रेल्वेनें १ एप्रिल २००३ रोजीं हैदराबाद विभागांतून वेगळा काढला. गाडी त्या विभागांतून निघते. परळीकडून लातूर रोडकडे येतांना तिच्यावर सिकंदराबाद विभागाचा अंमल असतो. आणि लातूर स्थानक तर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागांतलें. तीन विभागांचे नियंत्रक बदलतात, प्रवाशाच्या हातांतल्या चहाचा पेला हिंदकळतही नाहीं. गाडीला क्रमांक असतो व त्या क्रमांकावरून ती कोणाची, कोठें थांबावयाची, हें ठरतें. स्विचमध्येंही अशीच युक्ति १९९८ सालापासून प्रमाण मानली गेली आहे. तिला ‘व्हीलॅन’ म्हणतात. प्रत्येक संदेशाच्या डब्यास एक चिठ्ठी लावतात, तींत १ पासून ४०९४ पर्यंतचा कोणताही क्रमांक घालतां येतो. पतसंस्थेच्या संदेशांस दहा क्रमांक दिला व वर्गाच्या संदेशांस वीस, कीं एकाच स्विचमध्यें, एकाच तारेवर, दहाची हांक विसाला ऐकूं येत नाहीं. आतां दोन्हीकडे पत्ते वांटणारे खुशाल असावेत. मात्र यासाठीं अशी चिठ्ठी वाचूं शकणारा स्विच लागतो, आणि बाजारांतला सर्वांत स्वस्त डबा ती वाचीत नाहीं. दोन जाळ्यांच्या मधोमध दार हवें असल्यास तेथें राउटर किंवा फायरवॉल बसते: हीच करोडगिरीची चौकी. कोणता माल सोडावयाचा त्याची यादी तिच्याकडे असावी, आणि यादीबाहेरचा सर्व अडवावा. याच्या उलट क्रम, म्हणजे सर्व सोडून वाईट तेवढें अडविण्याचा, पुष्कळ ठिकाणीं दिसतो. त्याचा उपयोग फारसा नाहीं.

घड्याळाची गोष्ट थोडक्यांत सांगितली पाहिजे. मुंबईंत १९०६ सालीं प्रमाणवेळ सुरू झाल्यानंतरही कित्येक वर्षें जुनी ‘मुंबई टाइम’ चालूच राहिली, व दोन घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक असे. गाडी चुकणारे त्यास कारण म्हणून दाखवीत. डोमेनांत ३९ मिनिटें दूरच राहिलीं, पांच मिनिटांहून अधिक फरक पडला कीं सर्व्हर यंत्रास ओळख देत नाहीं. कारण प्रवेशपत्रिका किती वाजतां दिली हें पाहूनच ती खरी कीं शिळी हें ठरतें. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत तयार झालेली ‘कर्बेरॉस’ नांवाची पद्धति यामागें आहे. तेव्हां सर्व यंत्रांनीं वेळ सर्व्हरकडून घ्यावी, आणि सर्व्हरनें ती विश्वसनीय ठिकाणाहून घ्यावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांत तशीं दोन ठिकाणें सांगितलीं आहेत: राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचें घड्याळ व राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचें. त्याच आदेशानें यंत्रांच्या नोंदवह्या १८० दिवस राखण्याचें बंधन घातलें आहे. चोरी झाल्यावर माग काढावयाचा, तर घड्याळें जुळलेलीं व वह्या शाबूत हव्यात.

मग प्रश्न येतो लातूरच्या शाखेचा. गांव वेगळें, इमारत वेगळी. तेव्हां तेथेंही स्वतंत्र डोमेन उभारावें काय? सकृद्दर्शनीं होय म्हणावेंसें वाटतें, आणि तें चूक आहे. अंतर हें वेगळेपणाचें कारण होत नाहीं. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतून वेगळा झाला, कारण तेथें स्वतंत्र जिल्हाधिकारी व स्वतंत्र दफ्तर हवें होतें. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजीं औरंगाबादच्या विद्यापीठापासून निराळें झालें. परीक्षा, पदव्या, नियम सारे स्वतंत्र. पण त्याच विद्यापीठाचें लातूर येथें उपकेंद्र आहे, तें मात्र निराळें विद्यापीठ नव्हे. विद्यार्थी लातुरास शिकतो आणि पदवीवर शिक्का नांदेडचा असतो. पतसंस्थेची शाखा या उपकेंद्राच्या जातीची आहे. तिचे नियम मुख्य कार्यालयाचे, माणसें मुख्य कार्यालयानें नेमलेलीं; तिला दुसरें डोमेन देणें म्हणजे एकाच घरांत दोन हजेरीपट करणें होय. तिच्यासाठीं त्याच डोमेनाचा एक दुय्यम सर्व्हर लातुरास ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या २००८ सालच्या सर्व्हरपासून असा एक प्रकार निघाला आहे, कीं जो पट वाचतो पण त्यांत लिहूं शकत नाहीं, आणि सर्वांचे पासवर्डही आपल्याजवळ बाळगीत नाहीं. दुकानावजा शाखेंतून तो कोणीं उचलून नेला, तरी संस्थेच्या सगळ्या किल्ल्या जात नाहींत. दोन गांवांमधला मार्ग इंटरनेटवरून जात असला, तरी संदेशांस कुलूप लावून धाडण्याची सोय असते. तिला व्हीपीएन म्हणतात.

याच्या उलट, भिंतीला भिंत लागलेला शिकवणीचा वर्ग हा दहा पावलांवर असूनही परका आहे. दोन डोमेनांत ‘विश्वासाचा करार’ करतां येतो, म्हणजे एका डोमेनानें ओळखलेल्या माणसास दुसरें डोमेन आपलें दार उघडतें. तो एकतर्फी असूं शकतो किंवा दुतर्फी. हालीचा कलदार व कलदाराचा हाली करून देणाऱ्या सराफाचें काम तो करतो. दोन कार्यालयांचें काम खरोखर एकमेकांत गुंतलेलें असेल, तरच तो करावा. पतसंस्थेनें वर्गाशीं कां करावा? शेजारधर्म म्हणून साखर द्यावी, तिजोरीची ओळख देऊं नये.

राहतो तो माणसांचा भाग, आणि बहुतेक डोमेनें तेथेंच बुडतात. सर्व्हर उभारणारा तरुण हुशार असतो. सर्वाधिकाराचा पासवर्ड त्याच्या डोक्यांत असतो. आणि दोन वर्षांनीं पुण्यास चांगली नोकरी मिळून तो जातो. मग संस्थेचें सगळें दफ्तर शाबूत असून तिला त्यांत हात घालतां येत नाहीं. यावर उपाय जुनाच आहे. सर्वाधिकाराचा पासवर्ड कागदावर लिहून लाखेनें बंद केलेल्या लिफाफ्यांत, संस्थेच्या तिजोरींत, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीनें ठेवावा, आणि लिफाफा फुटल्यास पासवर्ड बदलून नवा लिफाफा करावा. त्या तरुणानेंही रोजच्या कामास सर्वाधिकार वापरूं नये. रोजच्यासाठीं त्याचें साधें नांव असावें. दफ्तराची नक्कल रोज निघावी व आठवड्यांतून एक प्रत तारेपासून सोडवून कपाटांत ठेवावी, कारण तारेला जोडलेली नक्कलही वॉनाक्रायचा भाईबंद खाऊन टाकतो. आणि ती नक्कल परत उलगडून पाहावी. नक्कल वर्षभर निघत होती, पण कधीं उलगडून पाहिलीच नव्हती, हें वाक्य ज्यानें एकदां ऐकलें आहे तो तें विसरत नाहीं. विजेचा प्रश्न मराठवाड्यांत सांगावयास नकोच. सर्व्हरच्या मागें बॅटरी अशी असावी, कीं वीज गेल्यावर त्यास व्यवस्थित झोपीं जाण्यापुरता तरी वेळ मिळेल.

बदलाचें काम शनिवारीं दुपारनंतर काढावें, आणि मार्च अखेरीच्या आसपास मुळींच काढूं नये. शेजारच्या वर्गास आठ दिवस आधीं लेखी कळवावें, कारण स्विच बदलतांना त्यांचेंही इंटरनेट कांहीं वेळ बंद राहणार. एकदम बारा यंत्रें नव्या डोमेनांत घेण्याऐवजीं प्रथम दोन घ्यावीं, त्यांतलें एक रोखपालाचें असूं नये. जुना उघडा फोल्डर लगेच पुसूं नये. त्यावर फक्त वाचण्याची परवानगी ठेवून महिनाभर राहूं द्यावा, म्हणजे कोणाची कोणती फाईल कोठें होती तें आपोआप बाहेर येतें. सोमवारीं सकाळीं रोखपालबाई आपलें नांव व स्वतःचा पासवर्ड घालतात, तेव्हां त्यांस त्यांचे कागद दिसतात आणि कर्जविभागाचे दिसत नाहींत. काचेखालची चिठ्ठी त्यांनीं स्वतःच काढून फाडली, तर काम झालें असें समजावें.

बोळांतला प्रिंटर तेवढा उरतो. त्यास तिसरा क्रमांक देऊन दोन्ही जाळ्यांच्या मध्यें एकटा ठेवावा, आणि चौकीवरून त्याच्याकडे केवळ छापावयाचे कागद जाऊं द्यावेत. त्याच्याकडून कोणाकडेही वाट नसावी. त्यांत कोरे कागद कोणीं भरावयाचे, हा तंटा मात्र कोणत्याही सर्व्हरला मिटवितां येत नाहीं. तो दोन्ही शेजाऱ्यांनीं चहाच्या वेळीं मिटवावा.